पट्टू कधी मोठे होत नाहीत

हॉटेलात तिला सगळे दाताळेबाई म्हणत. पाहुण्यांना समुद्र निळा हवा आणि पायाखाली नुसती वाळू. पण समोरच्या उथळ पाण्यात गवत उगवायचं, पायाला बुळबुळीत लागायचं, आणि पाहुणे नाकं मुरडत बाहेर यायचे. म्हणून ओहोटी लागली की ही कपडे खोचून, दाताळं घेऊन पाण्यात उतरे आणि गवत मुळासकट ओढून वाळूवर टाके. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

गवताबरोबर बोटभर मासे वर येत. अंगावर काळा पट्टा, शेपटीपाशी टिपका. वस्तीत त्यांना पट्टू म्हणत. ही जातच खुजी, कधी मोठी होत नाही, असं तिचा नवरा सांगे. त्याच्या बापानेही त्याला हेच सांगितलेलं. पट्टू वाळूवर तडफडत आणि बगळ्यांची चंगळ होई.

नवरा मासेमार. तो लांब प्रवाळाच्या खडकांवर सोनल्या धरायला जाई. सोनली म्हणजे हातभर लांब, सोनेरी, अंगावर एक डाग नाही. पण वर्षागणिक सोनल्या कमी होत गेल्या. हिचा पगार मात्र वेळेवर. जेवताना ही ऐकवायची: समुद्र तोच, खडक तोच, मग तुमचाच हात जड झाला असेल. तो मान खाली घालून जेवायचा. शेवटी बोट विकायचं ठरलं आणि रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

शनिवारी तो खडकांकडे गेलाच नाही. खाडीतल्या खारफुटीत कोणी जाळं टाकत नसे, कारण मुळांत ते फाटतं. आता बोटच जाणार, मग जाळ्याचं काय कौतुक? तो तिथून वीतभर मासे घेऊन आला.

ती मोरीत मासे साफ करायला बसली. पहिलाच उचलला आणि हात थांबला. अंग सोनेरी होतं. पण कुशीवर पुसट काळा पट्टा होता आणि शेपटीपाशी टिपका. तिने नवऱ्याला हाक मारली.

"ही सोनली की पट्टू?"

त्याने मासा उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"दोन्ही," तो म्हणाला.

गवतात बाळपण, मुळांत पोरवय, खडकांवर संसार. मासा एकच होता. त्याचं पहिलं घर रोज कोण उपटत होतं, हे दोघांनाही कोणी सांगायला नको होतं. तिला गवतापेक्षा टोमण्यांची जास्त लाज वाटली. तो एवढंच म्हणाला, की मला तरी कुठे ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ती वस्तीत घरोघर जाऊन आली. प्रत्येक घरात कोणी ना कोणी मासे धरणारं होतंच, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. दाताळं धरायला आता कोणीच जाणार नव्हतं. मग ती हॉटेलात दाताळं परत करून आली, गिऱ्हाइकाला चहा दिला आणि बोट विकायची नाही म्हणून सांगितलं. तो तोंड वाकडं करून गेला.

"अगं, गवत वाढायचं, पिल्लं यायची, ती मोठी व्हायची," नवरा म्हणाला. "वर्षं जातील. तोवर रोज रिकामा परत आलो तर?"

"या," ती म्हणाली. "यापुढे काही बोलणार नाही."