जनावरं कुठं पळून जातात?

आम्ही सुरतकर सगळं दिवाळीच्या सुट्टीत करतो. गावचं घर दुरुस्त करणं, मुलींची स्थळं बघणं, मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा! कारण माग तेव्हाच बंद असतात.

सुरतेजवळ कडोदऱ्याला माझं लूम्सचं छोटं खातं, म्हणजे मागांचा कारखाना, आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सुमननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, एकच गोष्ट मागितली. (साडी नाही. साड्या विणणाऱ्याकडे साडी कोण मागतं?) टीव्हीवर तिनं केनियातली विल्डबीस्टं, म्हणजे दाढीवाली रानगुरं, पाहिली होती, मगरींच्या डोळ्यांदेखत हजारोंनी नदी पार करणारी. "मला ती नदीकाठी उभं राहून बघायचीत," ती म्हणाली.

मी प्रवास एजंटाकडे गेलो.

"काका, ऑगस्टमां जाव. दिवाळीमां एक पण जनावर नहीं मळे."

"ऑगस्टात सणाच्या ऑर्डरी कोण काढणार? दिवाळीतलंच दे. जनावरं कुठं पळून जातात?"

हे माझं ठेवणीतलं वाक्य. आमचे खानदेशी कारागीर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायची रजा मागतात, तेव्हा मी म्हणतो, "दिवाळीत जा ना, गाव कुठं पळून जातंय?" गाव बिचारं थांबतं.

केनियात पोचलो. नदी होती, मगरी होत्या (त्याही कंटाळलेल्या), पलीकडे नुसतं गवत. पर्यटकांमुळे मोडकं हिंदी शिकलेला आमच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "सब गया. टांझानिया."

"वापस कब?" सुमननं विचारलं.

"जुलाई."

तिचे डोळे भरून आले. ती डबा उघडून खाकऱ्यावर ठेचा लावत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात झुडपामागून एक विल्डबीस्ट आलं. म्हातारं, दाढीवालं, पोट सुटलेलं. उगाच इकडे तिकडे बघत उभं राहिलं.

"हा एकटाच कसा?" मी विचारलं.

"सब चला गया, ये अकेला रह गया," ड्रायव्हर म्हणाला. "इसको टाइम समझता नहीं."

सुमननं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि डोळे पुसता पुसता इतकी हसली की हातातला खाकरा मोडला. "अहो, जरा खिडकीशी सरका, दोघांचा फोटो काढते."

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवते, "डावीकडचे आमचे हे." यंदा ऑगस्टात खातं बंद ठेवून पुन्हा जातोय. कारागिरांनाही आखाजीची रजा देऊन टाकली. वेळ न समजणारा तो उजवीकडचा एकटाच पुरे आहे.