भेवडावणारी मनकर्णाबाई

पुण्याकडची माणसं घाबरवतात. आमच्या वऱ्हाडात भेवडावतात. घाबरवायला काहीतरी कारण लागतं, भेवडावायला नुसती हौस पुरते. मोर्शीच्या मनकर्णाबाईला ती हौस जन्मजात होती. अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांच्या संत्र्याच्या बागेची ती राखणदारीण. हाळी अशी, की वानरांच्या हातातली संत्री गळून पडावीत. रडक्या पोरांना आया तिच्याच नावानं गप्प करायच्या, आणि हे ऐकून बाई उगाच लाजल्यासारखं करायची.

एका हंगामात बापूसाहेबांना काय सुचलं कोण जाणे, कोर्टातला जुना काळा कोट त्यांनी बागेतल्या बुजगावण्याला चढवला. झालं! वानरं फिरकेनात. त्यात वकीलसाहेबच बागेत उभे आहेत असं समजून पक्षकार मंडळी कुंपणाबाहेर जोडे काढून त्या कोटाला रामराम घालू लागली. बाईला इतक्या वर्षांत कुणी घातला होता?

शेजारच्या मळ्यात वांगी तोडता तोडता पार्बताबाईनं काडी टाकलीच. "काहो मनकर्णाबाई, आता तुमी घरीच बसान वाटते. कोटवालाच भेवडावून राहिला सगळ्याइले."

"त्याले तोंड तरी हाय का?"

"नाई, म्हणूनच तर वकीलसायेबाले आवडला!"

खरं सांगू? नवऱ्यानं सवत आणली असती तरी बाईनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

पुढं वानरांना कळलं, की हा वकील नुसताच उभा राहतो. कळप झाडांवर उतरला. मनकर्णाबाईनं बुजगावण्याचा कोट ओरबाडला, लुगड्यावर चढवला आणि बाह्या उडवत अशी धावली, की कळप थेट नाल्यापार!

तेवढ्यात फाटकाशी आपली बैलांची दमणी थांबवून बापूसाहेब उतरले. "वा! पाहिलंस मनकर्णे? काय भेवडावतो आमचा कोट!"

घसा तिचा, घाम तिचा, आणि वाहवा त्या मेल्या कोटाची! तिनं तो काढून दमणीत भिरकावला. "न्या जी तुमचा. राखण त्याले सांगा, नाईतर मले. दोघं नाई चालत."

"अगं, पण कोटाशिवाय तुला कोण भिणार..."

बाईनं तोंडाशी हात नेला आणि हाळी दिली. बैल उधळले, दमणी मोर्शीच्या वाटेला लागली. मागं धोतर सावरत पळणारे बापूसाहेब ओरडले, "तूच राख, बाई! तूच!"

बाईला ते ऐकूच आलं नाही. दमणीत एकटा ऐसपैस बसून निघालेल्या कोटाकडं ती दात खात बघत होती.