चिकटलेली दोन पानं

परभणी स्टेशनवर गाडी लागली, बॅग वर चढली, खिडकीची जागा मिळाली, तरी आई माझा हात सोडेना. खिडकीच्या गजांतून तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाकीच्यांच्या आया अशा वेळी रडतात, वेळेवर जेव म्हणतात, पोचल्यावर फोन कर म्हणतात. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. गाडी हलली तशी ती दोन पावलं सोबत चालली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "जाय खुशाल. पर घरातलं बाहेर सांगायचं न्हाई. ध्यानात हाय ना?"

मी मान डोलावली. आठ वर्षं झाली त्याला.

ती भीती मुंबईची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी लिहायच्या कामाला चालले होते आणि आईला लिहिणाऱ्या माणसांची भीती वाटते. त्यामागचं कारण आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. ते आज मी इथं सांगणार आहे. का आणि कुणाच्या परवानगीनं, ते शेवटी येईलच.

आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं. श्रावणात रोज दुपारी मारुतीच्या देवळात बायांसाठी पोथी लागायची आणि ती माझी आई वाचायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मी सहावीत असताना गेले. शेत दोन एकर, तेही चुलत्यांकडं वाट्यानं दिलेलं. तरी गावात आईला मान होता तो त्या पोथीमुळं. लग्नात तिला हाताशी बोलवत, वाद झाला की तिला विचारत. 'पोथीवाल्या वैनी' म्हणत. दुसऱ्या कुणी कागद वाचायला दिला की मात्र तिचा चष्मा नेमका घरी राहिलेला असे.

आठ वर्षांची होते मी. नुकतंच वाचता यायला लागलं होतं, त्यामुळं दिसेल ते वाचायची खोड होती. आईच्या मांडीला टेकून पोथीतल्या ओळीवर बोट फिरवत होते. आईनं अंगठा ओला केला, पान उलटलं आणि पुढं वाचू लागली. माझं बोट अडलं. दोन पानं एकमेकांना चिकटून एकदम उलटली होती. आई म्हणत होती ते त्या पानावर नव्हतंच. ते मधल्या, न दिसणाऱ्या पानांवर होतं आणि ती ते अगदी बरोबर, न अडखळता, सुरात म्हणत होती.

मी वर बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं. पोथीखाली तिनं माझं मनगट पकडलं आणि शेवटच्या ओवीपर्यंत सोडलं नाही.

घरी आल्यावर दार लोटून तिनं सांगितलं. तिचे वडील रोज पोथी वाचायचे, ती ऐकत बसायची. सगळी पाठ झाली, अंगठा कुठं ओला करायचा तेसुद्धा. लग्न होऊन इकडं आली तेव्हा सासूनं चार बायांत विचारलं, "तुझ्या बापाच्या घरी पोथी हाय म्हनं, तुला वाचता येत असंल की?" नवी नवरी, नाही म्हणायची भीती वाटली. हो म्हणाली. पुढची सगळी वर्षं त्या एका 'हो'मागं गेली. अक्षर एक येत नव्हतं. "घरातलं बाहेर सांगायचं न्हाई," आई म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं मी ते वाक्य.

आता मी काय करते ते सांगते. रोज रात्री आठला लागणाऱ्या एका विनोदी कौटुंबिक मालिकेचे संवाद लिहिते. आमच्यात गोष्ट एकजण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, आणि लोकांना वाटतं नट आपल्या मनानंच बोलतात. घोडबंदर रोडच्या एका बंगल्यात आमचं शूटिंग चालतं. गुरुवारी टीआरपी येतो, त्या दिवशी सेटवर कुणी कुणाशी धड बोलत नाही. शूट करून तयार ठेवलेल्या, पण अजून न दाखवलेल्या भागांना आम्ही 'बँक' म्हणतो. बँक चार भागांची असली की सगळे निवांत असतात. मला बँकेची भीती वाटते. जे घडून गेलंय आणि बदलता येत नाही, ते तिथं पडून असतं, आणि जगाला ते चार दिवसांनी कळणार असतं.

मालिकेत एक बायजाक्का आहे, गावाकडून लेकाकडं राहायला आलेली सासू. ती करणाऱ्या कुंदाताई पुण्याच्या. त्यांना 'काय करायलीस' आणि 'लय' बोलायला मीच शिकवलं. सुरुवातीला बायजाक्का माझी नव्हती. हळूहळू तिला आईचा पदर सारखा करायची लकब दिली, कुलूप तीनदा ओढून बघणं दिलं. आईनं टीव्हीवर बघितलं आणि फोनवर हसत म्हणाली, "तुजी बायजाक्का लय भित्री हाय बाई." मला वाटलं, चालतंय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचे तीन वाजलेले. दिग्दर्शक आले आणि म्हणाले, "एपिसोड दोन मिनिटं कमी पडतोय. बायजाक्काचा एक तुकडा दे, अर्ध्या तासात." डोकं रिकामं होतं. मेकअप रूमच्या बाहेर पायरीवर बसले आणि हातानं आपोआप लिहिलं: बायजाक्का सोसायटीतल्या बायांना पोथी वाचून दाखवते. दोन पानं चिकटून उलटतात. ती वाचतच राहते. खऱ्या आयुष्यात मी गप्प बसले होते. सीनमध्ये सून मोठ्यानं म्हणते, "अहो आई, हे तर इथं लिहिलेलंच नाहीये!" तेवढाच बदल केला.

कुंदाताईंनी विचारलं, "अंगठा कसा ओला करते गं ती?" मी करून दाखवला. त्यांनी तो असा काही उचलला की एका टेकमध्ये सीन झाला. लाइटवाले हसले, मेकअपवाले हसले, दिग्दर्शक खुर्चीतून उठून हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यानं हसले असेन.

रिक्षात बसल्यावर मनगटावर आईची बोटं असल्यासारखी वाटायला लागली. आमच्या घरी आठ वाजता पंधरा-वीस बाया जमतात, 'पोरीची मालिका' म्हणून. श्रावण चालू. दुपारी पोथी ऐकणार त्याच बाया आठला बायजाक्का बघणार. एकीला जरी शंका आली तरी संपलं. अण्णा गेल्यावर, शेत वाट्यानं दिल्यावर आईकडं राहिलेली एवढी एकच गोष्ट, आणि ती मी दोन मिनिटांच्या तुकड्यासाठी देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या क्रिएटिव्ह मॅडमना म्हटलं, तो सीन काढता येईल का? "वेडी आहेस का? त्याचाच तर प्रोमो बनून चॅनेलवर गेलाय!" असं म्हणून त्यांनी मला शाबासकी दिली. नोकरीत पहिल्यांदा माझं कुणी इतकं कौतुक केलं असेल. बाथरूममध्ये जाऊन मी गाडीचं तिकीट काढलं.

रजा टाकली, गाडीत बसले. परभणीला उतरून गावाकडच्या ऑटोत बसले तर समोरच्या दोन कॉलेजच्या पोरी मोबाइलवर काहीतरी बघत एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. आवाज कुंदाताईंचा होता. मी रस्ता बघत बसले. दोन्हीकडं सोयाबीन उभं होतं, कुठं फवारणी चालली होती, आणि माझ्या मनात एकच हिशेब: गावात वीज जाईल का? देवा पोखर्णीच्या नरसिंहा, आठ ते साडेआठ वीज घालव, नारळ फोडीन.

आईला बघितलं आणि बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तिनं भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी वाढली, "वाळलीस गं" म्हणाली. मधेच का आलीस असं एका शब्दानं विचारलं नाही. साडेसात झाले. बाया यायला लागल्या. वीज काही जाईना. शेवटी मी टीव्हीमागं हात घालून डिशच्या डब्याची वायर ओढली आणि म्हटलं, "बिघडलाय वाटतं. उद्या बघू."

बाया हळहळल्या. आई तव्याखालचं लाकूड पुढं ओढत होती. मागं न बघता म्हणाली, "वायर लाव. बाया खोळंबल्यात."

"आई, आज नको."

"लाव म्हनते ना. शेवंताच्या नातवानं मोबाइलवर दावलंय मला. कालच."

शेवंताकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या. हे नाव मी बदललंय. मी वायर लावली. लावताना दोनदा चुकली.

सीन लागला. बाया पोट धरून हसल्या. मी टीव्हीकडं बघूच शकत नव्हते, आईकडं बघत होते. ती हसत नव्हती, चिडलीही नव्हती. कुंदाताईंच्या अंगठ्याकडं एकटक बघत होती. सीन संपला, जाहिराती लागल्या आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लय हुबेहूब केलं बाईनं."

हसणं थांबलं. हुबेहूब कुणासारखं, हे एकीनंही विचारलं नाही. साबणाची जाहिरात आम्ही सगळ्यांनी मन लावून बघितली. पुढचा भाग कसा संपला मला आठवत नाही. जाताना शेवंताकाकू दारात थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "उद्या लवकर यायलेव गं देवळात. माजी जागा धर." बाकीच्या त्यांच्या मागोमाग गेल्या.

दुसऱ्या दिवशी देवळात जाताना मला जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाची वाटली नाही. नेहमीच्या दोघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या. आई आपल्या जागी बसली. पोथी लाल फडक्यात बांधलेली होती, ती तिनं मांडीवर घेतली. फडक्याची गाठ सोडलीच नाही. दोन्ही हात त्या फडक्यावर ठेवले, डोळे मिटले आणि पहिल्या ओवीपासून म्हणायला लागली. चष्मा तिनं घरीच ठेवला होता, या वेळी खरोखर. दीड तासात एकदाही अडखळली नाही. फक्त अंगठा अधूनमधून सवयीनं ओठाकडं जायचा आणि मधेच थांबायचा. ते मला बघवत नव्हतं.

मी वाट बघत होते की घरी आल्यावर आई बोलेल, रागावेल, निदान रडेल. ती म्हणाली, "चहा टाक." वाट्याला येणारी शिक्षा आली नाही की माणूस फार घाबरतं. परत निघाले तेव्हा ती फाट्यापर्यंत सोबत आली. या वेळी हात धरला नाही. 'घरातलं बाहेर सांगायचं न्हाई' हेही म्हणाली नाही.

मुंबईला आले आणि फोनवरची आई बदलली. पूर्वी अर्धा अर्धा तास बोलायची, कुणाची म्हैस, कुणाचं भांडण, कुणाची सून कुणाला काय म्हणाली. आता "बरी हाय" आणि "पाऊस बरा हाय" यावर आटोपतं. काही सांगायला लागली की मधेच थांबते आणि विचारते, "हे शिरेलीत तर न्हाई ना घालायलीस?" मी नाही म्हणते. ती "बरं" म्हणते, पण पुढचं सांगत नाही. पूर्वी मला भीती होती की तिला कळेल. आता तिला माझीच भीती वाटते. ती भीती मी माझ्या हातानं तिच्या घरात नेऊन ठेवली.

तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून आलात, कुणी नाटकात, कुणी मालिकेत, कुणी ऑफिसात गावच्या माणसांच्या नकला करून चार लोकांत भाव खाणारे, त्यांना विचारते. तुमच्याही घरातलं असं कुणी बोलताना थांबतं का हो? आपण त्याला 'गावाकडचा रंग' म्हणतो. रंग कुणाचा, ते विचारत नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी आईला फोनवर वाचून दाखवला. दुसरा उपायच नव्हता, तिला वाचता येत नाही. तासभर लागला. मी दोनदा थांबून पाणी प्यायले. मधे ती एकदाच बोलली. "पानं कशानं चिकटली ते लिवलंस का? शेवंतानं परसादाच्या शिऱ्याचा हात लावला व्हता. माजी चूक न्हाई ती." मी म्हटलं, लिहिते.

मग उरलेलं वाचून संपवलं.

"माजं सांग," आई म्हणाली. "सांगितलंसच हाय आता. पर गावाचं नाव काढून टाक. माज्या तोंडावर त्या बाया हसल्या न्हाईत. त्यांच्यावर कुनी हसायला नको."

सात ठिकाणी होतं. सातही ठिकाणचं मी खोडलं. आता सेटवर कुणी विचारलं, तुझं घर कुठं, तर मी पोखर्णीजवळ एवढंच सांगते. पुढचं नाव तोंडात येतं आणि मी ते तिथंच ठेवते.