स्तोइल्काबाईंच्या गाडीचा रिमोट

स्तोइल्का बोयाजिएवा आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी चौथ्यावर. वय एकसष्ट. काम गावोगाव जाऊन गाई भरवायचं. पूर्वी सरकारी सहकारी शेतीवर होत्या. ती मोडली तेव्हा बरोबरीच्या बायका स्पेन-इटलीला म्हातारी माणसं सांभाळायला गेल्या, या राहिल्या. बक्षिसात मिळाल्यासारखा एक नायट्रोजनचा कॅन त्यांच्याकडे उरला होता. त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवायच्या, फोन आला की निघायचं. गाय माजावर आली की अर्ध्या दिवसाच्या आत पोचावं लागतं. एकदा वेळ टळली की एकवीस दिवस थांबा. डॅन्यूबपासून टेकड्यांपर्यंत तीस-पस्तीस गावं त्यांच्या एकटीच्या भरवशावर आहेत, कारण दुसरं कोणी त्या खड्ड्यांतून गाडी घालत नाही.

गाडी त्यांच्यासारखीच, जुनी आणि न कुरकुरणारी. तिला एक अलार्म होता, पंचवीस वर्षांपूर्वी आधीच्या मालकाने बसवलेला. आमच्या आवारातून दोन गाड्या चोरीला गेल्या, पण बाईंच्या गाडीला कोणी हात लावला नाही. तो अलार्म ओरडायला लागला की नदीपलीकडच्या रुमानियात ऐकू जात असेल.

सप्टेंबरात एका दुपारी त्या दमून आल्या, गाडी लावली, रिमोटने बंद केली आणि शेणाने माखलेला अंगरखा तसाच धुण्याच्या यंत्रात टाकला. नव्वद अंश, दीड तास. रिमोट खिशात होता.

नवीन सेल घातला, केस वाळवायच्या यंत्राने वाळवला, रात्रभर तांदळात ठेवला. काही उपयोग झाला नाही. गाडीचं दार साध्या किल्लीने उघडत होतं, पण उघडलं की दार परत लावेपर्यंत सायरन सुरू, आणि इंजिनाला जाणारी वीज अलार्मने तोडलेली. नायट्रोजनचा कॅन डिकीत होता. तो काढायला बाई सकाळी खाली गेल्या तेव्हा सगळी इमारत खिडक्यांत आली.

"अहो बाई, बंद करा ते!" पहिल्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल ओरडले.

"बंद करता आलं असतं तर तुमची झोप मोडायला आले असते का मी?" बाई कॅन छातीशी धरून त्याहून मोठ्याने ओरडल्या.

ओळखीच्या मेकॅनिकने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "ज्याने बसवलाय त्याने वायरी सगळ्या काळ्याच वापरल्यात. कुठली कुठे जाते देवाला ठाऊक. सगळं उचकटावं लागेल, आणि पुन्हा जुळेल याची हमी नाही." बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मग रिमोट शोधणं सुरू झालं. शनिवारच्या बाजारात एक माणूस लाकडी टपरीत शेकडो रिमोट लटकवून बसतो. तो म्हणाला, "जुना चालू रिमोट आणा, नक्कल करून देतो." जुना मेला म्हणूनच नवा हवाय, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने एक चकचकीत काढला. "हा घ्या काकू. सगळ्या गाड्यांना चालतो. फ्रिक्वेन्सी तीच." पस्तीस लेव्हा मोजले. चालला नाही. बाई परत गेल्या तर म्हणतो कसा, "काकू, तुम्हाला नीट दाबता येत नसेल."

त्याला त्या काय म्हणाल्या ते बाजारात अजून सांगतात. "बाळा, मी खांद्यापर्यंत हात घालून, न बघता, गाईच्या गर्भाशयाचं तोंड शोधते. बटण मला सापडतं." लोक हसले. पैसे मात्र त्याने परत दिले नाहीत.

दुसरं दुकान गाड्यांच्या नव्या अलार्मचं, काचेचं, थंडगार, भिंतीवर टीव्हीचे पडदे. तिथल्या टाय लावलेल्या पोराने गाडीकडे येऊन बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "हे मॉडेल बंद झालं. नवीन सिस्टीम बसवा. जुनीला आता कोणी आधार देत नाही."

"मी आधार मागायला आलेले नाही. रिमोट मागायला आलेय. माझा अलार्म ठणठणीत आहे, आमच्या कर्नलसाहेबांना विचार."

"मॅडम, पंचवीस वर्षं म्हणजे त्याचं आयुष्य संपलं."

"आणि माझं?" बाईंनी विचारलं.

हे सगळं चालू असताना एका दुपारी गिनाआजीचा फोन आला. गिनाआजी टेकडीवरच्या गावात एकटी राहते. तिची एकुलती गाय माजावर आली होती. बाई कॅन घेऊन बसथांब्यावर गेल्या. मीही गेलो, कॅनची एक कडी धरून. ड्रायव्हरने झाकणाकडे बघितलं, कडेने पांढरी वाफ येत होती.

"यातून धूर येतोय बाई. मी हे गाडीत घेणार नाही."

"धूर नाही तो, थंडी आहे!"

"थंडी असो नाहीतर आणखी काही. उतरा."

पुढची बस दुसऱ्या दिवशी. टॅक्सीवाल्यांपैकी दोघांनी त्या रस्त्याचं नाव ऐकून फोन ठेवला. बाईंनी गिनाआजीला कळवलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे ग पोरी, तू तरी काय करणार." बाई फोन खिशात ठेवून थांब्याच्या बाकावर बसल्या.

त्यात नगरपालिकेने गाडीच्या काचेवर नारिंगी कागद चिकटवला. 'वापरातून बाद झालेले वाहन. चौदा दिवसांत हलवावे.' गाडीवर लिंडनच्या झाडाचा चीक आणि पानं साचली होती, चाकात हवा कमी होती, म्हणून बाद! मी बाईंबरोबर कचेरीत गेलो. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण अधिकारी.

"गाडी चालते असं दाखवा, कागद काढून टाकतो."

"रिमोट मिळाला की दाखवते."

"म्हणजे आज चालत नाही."

"आज तुझी लिफ्टही चालत नाही. तीन मजले चढून आलेय मी. मग इमारत बाद करू?"

"काकू, मी नियम केलेले नाहीत."

हे वाक्य मी टपालखात्यात अडतीस वर्षं ऐकलं, आणि लाजेने सांगतो, म्हटलंही. त्या दिवशी पहिल्यांदा ते काचेच्या पलीकडून ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येताना बाई जिन्यातच थांबल्या. "दोब्रीभाऊ, टॉर्च आणा. या लोकांना विचारून काही होणार नाही. अलार्मच्या पेटीवर काय लिहिलंय ते मीच बघते." त्या डॅशबोर्डखाली उताण्या शिरल्या, मी टॉर्च धरला, सायरन बोंबलत होता, कर्नलसाहेब वरून शिव्या देत होते. पेटीवरचा पुसट नंबर त्यांनी तळहातावर पेनाने लिहून घेतला. मग गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात शोधाशोध केली. विम्याच्या जुन्या पावत्यांमागे हमीपत्राचा एक तुकडा निघाला. त्यावर शिक्का होता, बसवणाऱ्याचं नाव आणि गाव. नायदेन चुकोव. गाव आगगाडीने तीन तासांवर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने त्या गेल्या. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. शिक्क्यावरच्या पत्त्यावर आता नखं रंगवायचं दुकान होतं. आतली बाई म्हणाली, "नायदेनआजोबा? मागच्या आवारात आहेत, मिरच्या भाजतायत." आजोबा ऐंशीच्या पुढचे, हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजून सोलत बसलेले. बाईंनी तळहात पुढे केला. त्यांनी चष्मा लावून नंबर वाचला.

"हा मीच बसवलेला. काळ्या वायरींचा."

"हो! सगळ्या काळ्याच का?"

"चोराला कळू नये म्हणून."

"चोराला काय, मेकॅनिकलाही कळत नाही!"

आजोबा हसले. हात धुऊन त्यांनी घरातून बिस्किटांचा एक डबा आणला. त्यात जुने रिमोट. "बाहेरून सगळे सारखे दिसतात. वरच्या कंपनीच्या नावाला काही अर्थ नाही, एकच कारखाना दहा नावांनी माल विकायचा. उघडून आतल्या पट्टीवरचा नंबर बघायचा. तुमच्या पेटीचा संकेत दर दाबण्याला बदलतो, म्हणून बाजारातली नक्कल चालत नाही. पण त्याच जातीचा रिमोट असेल तर पेटी त्याला ओळखायला शिकते." एकेक उघडत त्यांनी दोन निवडले. वर नाव भलतंच, आत नंबर जुळणारा. "ॲशट्रे बाहेर ओढा. मागे बोटाला एक बारीक बटण लागेल. किल्ली फिरवा, ते तीनदा दाबा. सायरन एकदा अडखळेल, तेव्हा रिमोट दाबून धरा. झालं."

"झालं? तीन आठवडे मी... आणि झालं?"

"पोरी, नवीन अलार्म विकायला बसलेला माणूस तुला ॲशट्रेमागचं बटण कशाला सांगेल?"

पैसे घ्यायला आजोबा तयार नव्हते. बाईंनी जबरदस्तीने त्यांच्या उरलेल्या मिरच्या सोलून दिल्या आणि निघाल्या.

त्याच दुपारी, चौदापैकी अकराव्या दिवशी, नगरपालिकेची उचलगाडी आमच्या आवारात आली. मी सपाता घालूनच खाली धावलो. "अजून तीन दिवस आहेत!" मी ओरडलो. क्रेनवाल्याने कागद दाखवला, "आजोबा, मला यादी दिलीय, मी उचलतो." साखळी लागताच सायरन सुरू झाला. गाडी हवेत, चाकं लोंबकळतायत आणि ती किंचाळतेय. गल्लीच्या टोकापर्यंत तो आवाज येत राहिला. कर्नलसाहेब खाली उतरून माझ्याशेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर नाही झालं." संध्याकाळी बाई हातात दोन रिमोट घेऊन आल्या आणि रिकाम्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या.

सकाळी आम्ही तिघे, हो, कर्नलसाहेबही, उचललेल्या गाड्या ठेवतात त्या नगरपालिकेच्या वाड्यात गेलो. बाईंनी कोणाला काही विचारलं नाही. सरळ गाडीत बसल्या. सायरन. ॲशट्रे काढला, किल्ली फिरवली, बटण तीनदा. सायरन एकदा अडखळला. रिमोट दाबून धरला, आणि एकदम शांतता. इतकी, की भिंतीवरच्या चिमण्या ऐकू आल्या. पण ओरडून ओरडून गाडीची बॅटरी उतरली होती, इंजिन नुसतं कण्हलं. तेव्हा कालचाच क्रेनवाला मान खाली घालून आला आणि स्वतःच्या गाडीतून त्याने वीज जोडून दिली. इंजिन लागलं.

खोलीतून एक कारकून धावत आला. "थांबा! ही बाद गाडी आहे. ती चालवत बाहेर नेता येणार नाही. तसा अर्जच नाही आमच्याकडे."

"चालत नाही म्हणून आणलीत," बाई खिडकीतून म्हणाल्या, "आणि आता चालते म्हणून अडवताय? पाचला मला गाय भरवायची आहे. फाटक उघडा, नाहीतर गाय इथे आणून तुमच्या टेबलावर भरवते."

कारकुनाने कर्नलसाहेबांकडे बघितलं. त्यांनी जुन्या सवयीच्या आवाजात एकच शब्द म्हटला, "उघडा." क्रेनवाल्याने फाटक उघडलं.

मुदतीआधीच गाडी उचलल्याची तक्रार मी लिहिली, टपालखात्याच्या भाषेत, तीन पानी, तारखांसकट. दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'सदर वाहन वाड्यात आढळून आले नाही, सबब प्रकरण बंद.' मी ते वाचून दाखवलं तेव्हा स्तोइल्काबाई बूट चढवत होत्या, कुठल्याशा गावाहून फोन आला होता.

"म्हणजे चूक कोणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "दोब्रीभाऊ, दुसरं पत्र लिहा. या वेळी सहा पानी."

मी लिहायला बसलो आहे.