कान कोणी पिळायचा

गावातून शिकायला बाहेर पडलेल्यांनी आठवणी लिहून पाठवाव्यात, असं आपल्या गावच्या मंडळानं वार्षिक अंकासाठी कळवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं असेल की सागर लिहील. मी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफ करा. चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यानं चार माणसांसाठी लिहावं हा मलाही आगाऊपणाच वाटतो. पण लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून धीर केला.

सागर माझ्या चुलत्यांचा मुलगा. आम्ही दोघं एकाच एसटीनं पुण्याला निघालो. आमच्या घरातून कॉलेजला जाणारे आम्ही पहिलेच. स्टँडवर आई माझी बॅग पुन्हापुन्हा उघडून बघत होती. गाडी हलायच्या आधीच सागरनं कंडक्टरला हसवलं होतं. बाबांनी खिडकीतून हात घालून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "सागऱ्या, ह्याच्याकडं बघ रं." मी त्याच्यापेक्षा मोठा आहे. पुण्यापर्यंत मी त्याचा तो खांदाच बघत होतो.

बिबवेवाडीत आम्ही एका खोलीत राहतो. आठवड्याभरात इस्त्रीवाला सागरला नावानं हाक मारायला लागला. मेसच्या काकूंना तो एकदा म्हणाला, "काय काकू, आज मीठ रजेवर का?" काकू हसल्या आणि त्याला एक पोळी जास्त वाढली. मला पोळी नको होती, ते हसणं हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य, त्याच सुरात म्हणालो. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मीठ बरोबर आहे. पटत नसेल तर दुसरी मेस बघा." मागे कुणीतरी हसलं. त्यानंतर बरेच दिवस मी बिस्किटांवर काढले.

कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. गावात मला घुम्या म्हणायचे. इथे कळलं की त्याला ऑटिझम म्हणतात. शब्द मिळाला म्हणून माणसांत जाणं सोपं झालं नाही, पण उपाय मिळाले. मॅडम म्हणाल्या, मेस उघडताच जाऊन बस. उशिरा गेलं की समोर घोळका असतो. आधी जाऊन बसलं की तीच माणसं एकेक करून येतात. कानाला हेडफोन, भिंतीकडची खुर्ची, आणि बोलायचं एकच वाक्य, पण स्वतःचं. मी काकूंना म्हणालो, "पोळ्या मऊ आहेत." त्या हसल्या नाहीत, पण आता माझी खुर्ची कुणाला देत नाहीत.

सागरला यातलं काहीच करावं लागत नाही. तो नुसता आत येतो. त्याचा हेवा वाटतो याची लाज वाटते, तरी हेवा कमी होत नाही.

दिवाळीनंतर सागर गावी जाऊन आला, ते पेढे घेऊनच. माझ्या ताईला बघायला पाहुणे आले होते आणि लग्न ठरलं, हे मला त्या पेढ्यांमुळे कळलं. घरी पाहुणे आले की पाण्याचा तांब्या मी न्यायचो आणि मग आत जायला मोकळा असायचो. चारचौघांतलं तेवढं एकच काम माझं होतं. या वेळी पाणी सागरनं दिलं, वर बाबांशेजारी बसून गप्पाही मारल्या. फोनवर आई म्हणाली, "तुला उगं तरास नको, म्हणून न्हाई सांगितलं. कान बी सागरच पिळंल. तू निवांत बस."

नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, तोही भरल्या मांडवात, तुम्हा सगळ्यांसमोर. परक्या माणसाला हात लावायचा आणि शेजारी बँड वाजत असणार. मला न झेपणारं सगळं एकाच जागी. खरं तर मी सुटलो होतो. पण सागर आरशासमोर उभा राहून जाकीट कुठलं शोभेल ते मला विचारत होता. मी गच्चीवर गेलो, ताईला फोन लावला आणि तयार केलेलं वाक्य म्हणालो, "ताई, कान मी पिळणार."

ती म्हणाली, "बँड असतो रे तिथं."

"माहितीये."

"बघते," म्हणाली.

मग बरेच दिवस काहीच कळलं नाही. मी आरशात स्वतःचा कान धरून सराव करायचो. सागरनं एकदा पाहिलं आणि आपला कान पुढे केला. मी पिळला. जरा जोरातच.

गावच्या घरी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते घर वाटायचं. आता इतक्या लांबून दिसतंय की बोललो नाही, तर तिथली माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळते, आणि तीही माझ्याच काळजीपोटी.

काल बाबांचा आवाजी मेसेज आला. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलतात. काल हळू बोलले. "ताईनं घरात सांगून टाकलंय, कान तूच पिळायचा. सागऱ्या बँडवाल्यांपाशी हुबा ऱ्हाणार हाय. तुझा हात खाली आल्याबिगर कुणी वाजवायचं न्हाई. तू सावकाश पिळ."