धोंड्या कोणाचा?

आता तुमी म्हणता, माझ्या खाटेखाली येऊन बसलेलं हे कुत्रं तुमचं नाही. तुमच्या मागं मागं आलं, तुमच्या जोड्यावर तोंड टेकून बसलं, तुमी हाड म्हटलं तर शेपटी हलवून राहिलं, तरी तुमचं नाही! बरं बाप्पा. घ्या, पान घ्या. हेच बोलून मी एकदा अशा खड्ड्यात पडलो, की अजून बाहेर नाही निघालो. आधी ऐका, मंग ठरवा कुत्रं कोणाचं ते.

मी तेव्हा अकोल्याच्या कापसाच्या बाजारात मापारी होतो. गाडी आली की कापूस काट्यावर चढवायचा अन् मोठ्यानं वजन पुकारायचं, हे माझं काम. इकणारा अन् घेणारा दोघंही माझ्या तोंडाकडं पाहत. मापाऱ्याजवळ असते काय हो? ना वावर, ना दुकान. एक शब्द असते. गणपतनं पुकारलं म्हणजे पुकारलं, असं होतं!

अन् दिवस तरी कसे! तिकडं समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली म्हणे, अन् इकडं आमच्या कापसाले देवाचा मान आला. रस्त्यावर गाडीतून सांडलेला कापूस लोकं वाकून वाकून वेचत. मी बी वेचत होतो. खोटं कायले बोलू?

त्याच साली बंजाऱ्यांचा तांडा बाजारामागं उतरला होता. त्यांची कुत्री माझ्या काट्याआड व्याली. तांडा पातूरकडं निघून गेला, अन् एक पिल्लू मागं राहिलं. मी म्हटलं, दोन दिवस राहू द्या, नेईल कोणी. दोन दिवस भाकर टाकली. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं, सखूनं, त्याचं नाव ठेवलं. झालं! नाव ठेवलेलं जनावर कोणी परत नेते का?

नाव धोंड्या. काहून, तर एकदा बसला की धोंडाच. वर्षभरात वासराएवढा झाला. वाटेत आडवा पडे. शिव्या द्या, पाणी ओता, चार गडी लावा, उठायचाच नाही. फक्त मी पुढं चालू लागलो, की मुकाट्यानं उठून माझ्या मागं येई. पण गरीब किती! लेकरं त्याच्या पाठीवर बसत, कान ओढत, तोंडात हात घालत. बाजारची मांजर त्याच्या पोटाशी निजे.

आता माझी अक्कल पाहा. कोणी म्हटलं, "काय गुणाचं जनावर आहे!" की मी छाती काढून सांगे, "माझा धोंड्या आहे तो!" अन् कोणी बोंबलत आला, "अबे गणपत, तुझ्या कुत्र्यानं माझी भाकर खाल्ली!" की मी आभाळाकडं पाहे. "कोणतं कुत्रं? ते तर बंजाऱ्याचं आहे बाप्पा." बांधणं नाही, राखणं नाही. सखू म्हणे, "अवो, एक दोरी तरी बांधा त्याले." मी म्हणे, "दोरी बांधली की आपलं होते ते!"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रहिमनबी राहे. पिंजारीण. नवरा गेला, पण बाईनं पिंजण खाली नाही ठेवलं. दिवसभर अंगणातून तिच्या पिंजणाची तांत वाजे, टंव टंव टंव. एक दिवस तिनं एका लग्नाच्या गादीचा कापूस पिंजून अंगणात पसरून ठेवला होता. पांढरा, नुसता फुललेला. अन् धोंड्या नाल्यातून चिखलात लोळून आला, त्याले वाटलं ही आपलीच सोय केली आहे. जाऊन पसरला. तिनं ओरडावं, तर यानं पोट वर केलं अन् कूस बदलली.

रहिमनबी माझ्या दारात आली. "गणपतभाऊ, तुमच्या कुत्र्यानं सत्यानाश केला. मले एक गादीचा कापूस भरून द्या. दुसरं काही नको."

एक गादीचा कापूस! दुसऱ्या कोणत्या बी साली मी टोपलं भरून तिच्या अंगणात ओतलं असतं. पण त्या साली माझा जीव कापसात अडकला होता. माझ्या तोंडातून निघालं, "माझं कुत्रंच नाही ते."

गोष्ट पाटीलबुवांकडं गेली. महादेवाच्या ओट्यावर पंच बसले. पाटीलबुवा म्हणाले, "गणपत, तू मापारी माणूस. तुझ्या शब्दावर बाजार चालते. उचल बेल-भंडार अन् सांग. मंग कोणी काही नाही बोलणार."

तुमाले सांगतो, त्या घडीले बी मी हसून कबूल करून मोकळा झालो असतो. पण बाजार जमला होता. मी पिंडीवरचा बेल उचलला, भंडार उचलला. अन् नुसतं 'माझं नाही' म्हणून थांबावं ना? नाही! माझी जीभ लांब. मी म्हटलं, "महादेवाची आण, ते कुत्रं माझं नाही. अन् कोणाचंच नाही. बेवारशी आहे."

तेवढ्यात धोंड्या गर्दीतून आला अन् माझ्या पायावर मान टाकून झोपला. सारी पंचाईत खदखदून हसली. पण रहिमनबी हसली नाही. पाटीलबुवा म्हणाले, "कुत्रं काही म्हणो. माणसानं बेल-भंडार उचलला. मिटलं."

मिटलं कसलं! मी घरी येऊन सखूले सांगितलं, "पाहा, कापूस वाचवला!" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जेवलो नाही.

पंधरा दिवस बी झाले नसतील. बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं अन् दोन माणसांले चावलं. एक तर तडफडून मेला. गोऱ्या साहेबाचा हुकूम आला, अन् दवंडी पिटली: ज्याचं कुत्रं असेल त्यानं गळ्यात पट्टा बांधावा, अन् शिपाई विचारील तेव्हा पाटलासमोर 'माझं आहे' म्हणून सांगावं. बेवारशी जेवढे, तेवढे मारून टाकायचे.

सखूनं आपल्या हातानं चामड्याचा पट्टा आणला. "जा. सांगा."

"कोणत्या तोंडानं सांगू? पाटलासमोर बेल-भंडार उचलला ना मी! आता माझं आहे म्हटलं, तर महादेवाची खोटी आण खाल्ली असं होते. मापाऱ्याची आण खोटी, तर वजन खरं कोण मानील? काटा जाईल माझा."

"अन् कुत्रं?"

मी पट्टा घेतला अन् धोतराच्या कनवटीले खोचला. मनात म्हटलं, वेळ आली की पाहू. अशी माणसं असतात पाहा, वेळ आली की पाहू म्हणणारी. वेळ येते अन् ती जमिनीकडं पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाजारात आले. पुढं शिपाई अन् पाटीलबुवा, मागं सोटे घेतलेले दोन गडी, अन् त्यांच्या मागं एक गाडी. गाडीत काय होतं ते नाही सांगत. त्यात अर्धे तर आमच्या ओळखीचे होते. काल ज्यांच्या दारात भाकर खात, तेच मालक आज दार लावून बसले होते. मी एकटाच नव्हतो बाप्पा, पण त्यानं काही हलकं नाही वाटत.

धोंड्या काट्यापाशी पसरलेला. शिपायानं विचारलं, "हे कोणाचं?"

सारा बाजार माझ्याकडं पाहून राहिला. पाटीलबुवा बी पाहून राहिले. कनवटीचा पट्टा मले पोटात टोचत होता. अन् जीभ? तीच लांब जीभ टाळूले चिकटून बसली.

"कोणाचं नाही?" शिपायानं मान हलवली. गड्यानं सोटा उचलला. धोंड्याले वाटलं, खेळायचं आहे. त्यानं पोट वर केलं अन् गड्याचा पाय चाटला. गडी म्हणाला, "हे असं कसं मारू? चाटून राहिलं ना जी!" शिपाई ओरडला, "मार!"

"थांबा! मेरा है वो!"

रहिमनबी! पिंजण टाकून तशीच धावत आली होती, केसांत कापूस, पायात काही नाही. पाटीलबुवा म्हणाले, "बाई, यानंच तर तुझी गादी नासवली."

"मंग? घरचं जनावरच घरची नासाडी करते. मेरा है बोली ना!" अन् तिनं आपल्या ओढणीची किनार टरकन फाडली अन् त्याच्या गळ्यात बांधली.

वाचला! मी सुटलो असं तुमाले वाटलं का? ती म्हणे, "चल बेटा." बेटा कशाचा हलते! तिनं ओढलं, गड्यांनी ढकललं. धोंडा तो धोंडा. शिपाई म्हणाला, "बाई, तुझं कुत्रं तुझं ऐकून नाही राहिलं?" अन् सोटेवाला परत जवळ आला.

रहिमनबी माझ्याकडं वळली. हळूच म्हणाली, "गणपतभाऊ, तुमी पुढं चला."

मी पुढं चाललो. धोंड्या मुकाट उठला अन् माझ्या मागं निघाला. त्याच्या मागं रहिमनबी, तिच्या मागं पाटीलबुवा, शिपाई, अन् सारा बाजार. काट्यापासून तिच्या अंगणापर्यंत माझी वरात निघाली हो! अन् या वेळी कोणीच नाही हसलं. हसले असते तर बरं होतं.

त्या दिवसापासून मी वजन पुकारलं की लोकं म्हणत, "दुसऱ्या काट्यावर बी पाहून घेऊ." एकानं तर विचारलं, "हे बेल-भंडार उचलून सांगता, का नुसतंच?" काटा नावाले माझा राहिला.

धोंड्या रोज सकाळी किनार बांधलेली मान हलवत काट्यापाशी येऊन बसे. रोज सांजेले मी त्याले रहिमनबीच्या अंगणात पोचवून देई. दोन वर्षं असं चाललं. मंग तिकडची लढाई मिटली, अन् कापसाले कोणी विचारेना. तेव्हा मी मोठ्या मनानं एक गादीचा कापूस डोक्यावर घेऊन तिच्याकडं गेलो! ती म्हणाली, "आता देता? ठेवा तिकडं." कनवटीत अजून रोज खोचत होतो तो पट्टा बी देणार होतो. हिंमत नाही झाली.

त्याच हंगामात एक दिवस पातूरकडची गाडी आली. गाडीवान नवा. आमचे सारे गाडीवान धोंड्याले वळसा घालून जात, त्याले काय माहीत? काट्याकडं उतार, गाडी गच्च भरलेली, बैलांले आवरेना. तो वरूनच ओरडला, "अबे, कुत्रं कोणाचं आहे? उठवा! ओ मापारी, तुमचं आहे का?"

मी चार पावलं चाललो असतो तर तो उठला असता. चार पावलं! पण तोंडाले सवय लागलेली. मी म्हटलं, "नाही बाप्पा, माझं नाही," अन् जागेवरूनच तिच्या अंगणाकडं तोंड करून रहिमनबीले हाक मारली.

मागून आवाज आला. लय मोठा नाही. मी धावलो. मातीत बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं माझा हात चाटला, एकदाच. मी भर बाजारात गळा काढला, "माझा आहे हो! माझा धोंड्या आहे! माझा आहे!" कनवटीचा पट्टा काढला अन् बांधायले लागलो, तर मान हलून नव्हती राहिली.

गाडीवान बिचारा खाली उतरला. हात जोडून म्हणाला, "मी इचारलं होतं ना जी. मंग तेव्हा काहून नाही सांगितलं?"