बाबांचं साल आणि माझी पीएच.डी.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी वारंगा फाट्यावर एस.टी.तून उतरलो, तेव्हा माझ्याजवळ पत्र्याची पेटी होती आणि अख्खी वळकटी होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी औरंगाबादला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होतो... म्हणजे, आदल्या दिवसापर्यंत करत होतो.

आमच्या वस्तीतला पहिला एम.एस्सी. मीच. त्यामुळे घरी सांगायचं कसं, हे वाटभर ठरत नव्हतं.

त्रास गाईडचा होता. रीडिंग्ज मी घ्यायचो आणि पेपरवर नाव यायचं त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याचं. प्रयोग फसला की मात्र तो फक्त माझा असायचा. लिहून दिलेलं प्रकरण सर महिनोन् महिने वाचत नसत, पण त्यांच्या घरची भाजी मी वेळेत पोचवली पाहिजे... तेही सहन केलं.

शेवटी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्यातल्या पोरानं एम.एस्सी. केलं, तेच खूप झालं." आजही आठवलं की कान गरम होतात. सरळ खोलीवर गेलो आणि सामान बांधलं.

घरी पोचलो तर मायनं आधी वळकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाणी दिलं आणि कामाला लागली.

संध्याकाळी मी सांगायला तोंड उघडणार, तोवर बाबांचंच वेगळं निघालं. बाबा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पटलं तर त्याच घरी पुढचं साल धरायचं, नाहीतर मोकळं व्हायचं.

मालकाचा थोरला मुलगा कारभार बघायला लागल्यापासून बाबांना चारचौघांत वाटेल ते बोलायचा. पीक चांगलं आलं की त्याची हुशारी आणि बैल लंगडला की बाबांचा हलगर्जीपणा. बाबांनी मनाशी ठरवलं होतं, आता शेतातलं कामच बंद, नांदेडला जाऊन हमाली करायची.

मला ते ऐकवेना. बाबांना शेताचं आणि बैलांचं भारी वेड. शेजारच्या गावचे एक मुसलमान शेतकरी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत, ते कधीपासून बाबांना बोलावत होते. पण इतक्या वर्षांचं घर सोडून दुसऱ्याकडे गेलो तर लोक काय म्हणतील, ही बाबांची धास्ती.

मी तावातावानं म्हणालो, "बाबा, तकलीफ मालकाची हाय ना? मग मालक सोडा. काम काहून सोडता?"

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मायचा हात थांबला.

"बाबाला बराबर सांगून राहिला," ती म्हणाली. "मग तू हे बिस्तर काहून घेऊन आला?"

मला हसूही आलं आणि रडूही. मग सगळं सांगून टाकलं, भाजीपासून त्या एका वाक्यापर्यंत...

दुसऱ्या दिवशी बाबांनी जुन्या मालकाचा नीट निरोप घेतला आणि चाचांकडचं साल धरलं. त्यानंतर मीही सामान उचलून औरंगाबादची एस.टी. धरली.

खरं सांगतो, गाईड बदलता येतो हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या काळी ते भलतंच पाप समजलं जायचं. हिंमत करून विभागप्रमुखांना भेटलो. त्यांनी बरेच दिवस टोलवलं, आणि जुन्या सरांनी तर माझ्याकडे बघणंच बंद केलं.

अखेर आमच्याच विभागातल्या एका मॅडमनी मला घेतलं. विषय बदलला, निम्मं काम नव्यानं करावं लागलं... पण शांत झोप लागायला लागली.

दिवाळीला घरी गेलो. बाबा चाचांच्या रानातून आले, हातपाय धुतले आणि टेकता टेकता विचारलं, "नवं माणूस कसं हाय?"

मी सांगितलं, चुकलं की खूप बोलतात, पण माझ्या कामावर नाव माझंच लावतात... आणि मला अहो-जाहो करतात.

"मग टिकशील तू," बाबा म्हणाले.

टिकलो. डिग्री मिळाली, पुढे शिकवायला लागलो, माझ्या हाताखालीही मुलं पीएच.डी. करायला आली. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचो, माझ्याशी नाही जमलं तर खुशाल दुसरा गाईड बघा, बदलाच्या अर्जावर मी स्वतः सही देईन... पण काम सोडू नका.

एक मुलगी खरंच गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... पण सही दिली. तिची पीएच.डी. झाली, त्या दिवशी पेढे घेऊन ती सगळ्यांत आधी माझ्या घरी आली होती.